मरळीचं दुसरं नाव

मामा,

तुमच्या दहाव्याहून परत आले ती अजून तशीच खुर्चीत बसून आहे. साडीच्या काठाला धरणकाठचा चिखल वाळलाय. उठावं, पाय धुवावेत, घोटभर चहा करावा, एवढंही होत नाही. याला दुःख म्हणावं तर तुम्हीच हसाल. थकवा आहे हा. गुडघ्यांचा आहे, वाळूजच्या रस्त्यावरल्या खड्ड्यांचा आहे, आणि माणसं एकेक करून उठून जातात त्याचाही आहे. या वर्षातला हा माझा चौथा दहावा.

कॉलेजच्या जुन्या मंडळींच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, मॅडम, मामांशी तुमचा जास्त संबंध, चार ओळी तुम्हीच लिहा. लिहायला घेतलं. जन्म, गाव, प्राणीशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर म्हणून इतकी वर्षं सेवा, मनमिळाऊ स्वभाव. 'मनमिळाऊ'पाशी हात थांबला. फॉर्मॅलिनच्या बरणीचं झाकण उघडं ठेवलं म्हणून खुद्द विभागप्रमुखांना दारात अडवून सुनावणारा माणूस, त्याला मी मनमिळाऊ कसं म्हणू? ते सगळं खोडलं आणि हे लिहायला बसले. हे ग्रुपवर जाणार नाही.

आधी सांगायचं ते सांगून टाकते, नाहीतर पुन्हा इकडचं तिकडचं बोलत बसेन. मला तुमची माफी मागायची होती. दोन वर्षं मागायची होती. बजाजनगर माझ्या घरापासून रिक्षानं तासाच्या आत आहे. तुम्ही मुलाकडं राहायला आलात हे मला माहीत होतं, इमारत माहीत होती, तिसरा मजला आणि लिफ्ट नाही हेही माहीत होतं. आधी गाव लांब म्हणून आणि मग त्या लिफ्टचं निमित्त करून मी दोन वर्षं काढली. गुडघे बरे झाले की जाऊ, म्हणायची. गुडघे काही बरे झाले नाहीत, आणि तुमच्या लेकीचा, सुनीताचा फोन आला तेव्हा तिनं फक्त एवढंच विचारलं, "बाई, तुम्ही याल ना?"

मी नवीन लागले तेव्हाची गोष्ट आठवते का? आपल्या संग्रहाच्या कपाटात पन्नासेक बरण्या होत्या. प्रत्येकीवर शास्त्रीय नाव, इंग्रजी नाव आणि खाली मराठी नाव. माझ्या आधीच्या सरांनी एका बरणीवर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'सर्पशीर्ष मत्स्य'. तुम्ही बरण्या पुसत होतात. मला विचारलंत, हे कुणाचं नाव? म्हटलं, या माशाचं, डोकं सापासारखं असतं ना. तुम्ही बरणी खिडकीकडं धरलीत आणि म्हणालात, "मरळ हाय ती. असल्या नावानं हाक मारली तर घरचं कुत्रंसुदा यायचं नाय."

मला राग आला होता. मी एम.एस्सी. पहिल्या वर्गात पास झालेली, आणि मामा मला नाव शिकवतायत. (कॉलेजातल्या सगळ्या शिपायांना आणि परिचरांना मामाच म्हणतात. तुमचं नाव एकनाथ आहे हे मला कळायला सहा महिने लागले. तेही तुम्हाला माझ्या चुकांत मोजून ठेवता आलं असतं, पण तुम्ही तसले नव्हतात.) राग संध्याकाळपर्यंत टिकला. दुसऱ्या दिवशी मी नवं लेबल लिहून आणलं आणि तुमच्याकडून चिकटवून घेतलं. त्याच दिवशी बाजारातून एक लांब वही आणली, तिच्यात रकाने आखले. नाव, कुठं ऐकलं, कुणी सांगितलं, अर्थ.

त्या अर्थाच्या रकान्यावरून आपण किती भांडलो. मला प्रत्येक नावाचा अर्थ हवा असायचा. मरळ म्हणजे काय? तुम्ही म्हणायचात, मरळ म्हंजे मरळ. मी म्हणायची, असं कसं, शब्द कुठून तरी येतोच. तुम्ही म्हणायचात, तुमच्या नावाचा अर्थ इचारून तुम्हाला कुणी हाक मारतं का? मग मी तो रकाना रिकामा सोडायची आणि तुमच्या नकळत पेन्सिलनं प्रश्नचिन्ह काढायची. तुम्ही ते प्रश्नचिन्ह माझ्या नकळत खोडायचात. वही माझ्यासमोर आहे. पाच-सहा ठिकाणी कागद खरवडलेला दिसतो.

घरात मासा शिजणं सोडा, चातुर्मासात कांदालसूण बंद असणारी मी, आणि तुमच्यामागं शहागंजात मासळीवाल्यांपुढं वही काढून उभी राहायची. नाकाला पदर लावला की तुम्ही खाकरायचात. तिथला तो म्हातारा विक्रेता टोपल्यात जिवंत मरळी ठेवायचा. मी विचारलं, चाचा, याला काय म्हणता? तो म्हणाला, "मरल बोलते बाई. पानी के बाहर भी घंटाभर जीती. कमजोर आदमी कू येइच खिलाते." नाव जवळपास तेच, पण मी वेगळी ओळ केली. हैदराबादकडचं एक गिऱ्हाईक शेजारी उभं होतं, ते म्हणालं, आमच्याकडं कोरमेनू. तीही ओळ केली. पिशोरच्या एका विद्यार्थिनीनं ओढ्यातला वीतभर मासा बाटलीत भरून आणला आणि त्याला डोकऱ्या म्हणाली. मी डोकऱ्या मरळीच्याच नावांत टाकत होते. तुम्ही बाटली फिरवून बघितलीत आणि म्हणालात, ही भावकीतली हाय, सख्खी नाय. तपासलं तर खरंच जात निराळी निघाली. दुसऱ्या दिवशी वर्गात प्रजाती आणि जाती शिकवताना मी तुमचा भावकी हाच शब्द वापरला. चार वर्षं जे पोरांच्या डोक्यात शिरत नव्हतं ते पाच मिनिटांत शिरलं. मी तुम्हाला हे कधी सांगितलं नाही. शिक्षकांना उसनं घेतलेलं कबूल करायची सवय नसते.

आणि मग ती भाद्रपदातली दुपार. जायकवाडीच्या फुगवट्याकाठी तुमचं गाव, म्हणजे धरणात गेलेल्या गावाची वर आणून वसवलेली वस्ती. तुम्ही मला पहिल्यांदा तिथं नेलंत. होडी तुमच्या चुलतभावाची. मी चपला हातात घेऊन, पदर खोचून, देवाचं नाव घेत बसले. सुनीता तेव्हा दहावीत होती. काठावर उभी राहून माझी ती कसरत बघून तोंड दाबून हसत होती.

बाभळीची वाळलेली खोडं पाण्यातून वर आली होती, तिथं पाण्यावर एक तांबडा डाग दिसला. परातभर असेल. कुंकू सांडल्यासारखा, पण हलणारा. बारीक बारीक पिल्लं होती, शेकड्यांनी, तोंडं वर करून हवा घेत होती. तुम्ही हात वर केलात आणि भावाला हळू आवाजात एकच शब्द सांगितलात. लेकुरवाळी. त्यानं वल्हं थांबवलं. पुढ्यात सोडायला काढलेलं जाळं गोळा करून मांडीवर घेतलं आणि होडी लांबून वळसा घालून नेली. मी विचारलं, लेकुरवाळी म्हणजे कोण? तुम्ही म्हणालात, खाली मरळ हाय, पिल्लांपाशी. पण आता तिला मरळ म्हणायचं नाय. मरळ म्हटलं की जाळं पडतं. पिल्लं मोठी होऊन पांगली की ती परत मरळ. मग धरा, खा, इका, कुणाची ना नाय.

मी खोदून खोदून विचारलं. दुसऱ्याची होडी असली तरी? तरी. त्याच्याशी भांडण असलं तरी? तुम्ही म्हणालात, भांडण माणसाशी असतंय, तिच्याशी नाय. ज्याला आधी दिसेल त्यानं नाव घ्यायचं, ऐकील त्यानं जाळं उचलायचं. एवढाच रिवाज. कुठं लिहिलेला नाही, कुणी पहारा करत नाही. भोयांच्या त्या वस्तीत कुणाच्या आज्यापणज्यापासून चालत आलेला.

तेव्हाही मला शिकवायची खोड आवरली नाही. मी म्हटलं, मामा, शास्त्राच्या दृष्टीनं सांगायचं तर राखण पुष्कळदा नर करतो. तुम्ही हसलात. म्हणालात, मग बापाला लेकुरवाळी म्हणा, आमचं काय जातंय. आणि मग तुमचं हसू मध्येच थांबलं. काठावर सुनीता धाकट्या भावाचा हात धरून उभी होती. त्यांची आई जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती. ड्युटीवर यायच्या आधी तुम्ही दोन डबे भरायचात, पोरीची वेणी घालायचात, आणि ती वेणी इतकी घट्ट असायची की बिचारीच्या भुवया वर ओढल्या जायच्या. मला तेव्हा काहीतरी बोलायला हवं होतं. मी वही काढली आणि लिहून घेतलं. नाव, लेकुरवाळी. अर्थ, पुष्कळ लेकरांची आई. रकाना भरला म्हणून मला समाधान वाटलं, हे आज लिहिताना लाज वाटते.

तुमचे उपकार मोजत बसणार नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. एक सांगते. माझी मुलगी बाळंत होऊन घरी आली आणि महिना झाला तरी तिच्या अंगात ताकद येईना. तुम्ही दारात उभे राहून म्हणालात, बाई, मरळीचं पाणी द्या, चार दिवसांत उठून बसंल. माझ्या सासूबाई आत जप करत होत्या. मी घाईघाईनं म्हटलं, आमच्यात चालत नाही, मामा. जरा तुटकच म्हटलं. तुम्ही व्हय व्हय म्हणून निघून गेलात. मला वाटलं, दुखावले. दुसऱ्या दिवशी सकाळी हजर. सुनीताकडून अळिवाचे लाडू करून आणले होते, नवा डबा विकत घेऊन, वर स्वच्छ फडकं बांधून. मला म्हणालात, डबा नवीन हाय, सासूबाईंना सांगा. मामा, त्यातला एक लाडू मी उभ्याउभ्या खाल्ला, मुलीच्या आधी मीच. आणि मोरीत जाऊन रडले.

आता ते पुस्तिकेचं.

आपण दोघंही निवृत्त झालो. तुम्ही गावी जाऊन पुन्हा पाण्यावर उतरलात, थर्माकोलचा तराफा करून. मी घरी बसून कोडी सोडवत होते. एका संस्थेनं विचारलं, तुमच्याकडं माशांची नावं आहेत म्हणे, छोटी पुस्तिका करू. मला किती आनंद झाला. कपाटातली वही बाहेर आली. मरळीला मी दोन पानं दिली. प्रमाण नाव, इतर नावं, नावांचे अर्थ, आणि खाली चौकटीत 'ओळखण्याची खूण'. त्या चौकटीत मी काय लिहिलं ते मला तोंडपाठ आहे. लेकुरवाळी: श्रावण-भाद्रपदात काठाजवळ पाण्यावर तांबूस रंगाचा हलता ठिपका दिसतो. ठिपक्याखाली मोठी मरळ हमखास असते.

ऋणनिर्देशात तुमचं नाव पहिलं होतं, ठळक अक्षरात. मी पेढे घेऊन तुमच्याकडं आले. तुम्ही ते पान दोनदा वाचलंत, पुस्तिका डोक्याला लावलीत आणि देवाच्या फळीवर ठेवलीत. आतली पानं उघडली नाहीत. तुमच्याच पोतडीतलं होतं, तुम्ही कशाला वाचाल. मी मुद्रितं तीनदा तपासली होती, मामा. ऱ्हस्व-दीर्घ, स्वल्पविराम, सगळं. जे बघायला हवं होतं तेवढं बघितलं नाही.

पुढच्या श्रावणात कुणीतरी ती चौकट मोबाइलवर वाचून दाखवली, मग कुणीतरी पाण्यावरचा तांबडा डाग दाखवून व्हिडिओ केला. शनिवार-रविवारी गाड्या यायला लागल्या. हौशी माणसं, चांगल्या नोकऱ्यांतली, महागडे गळ घेतलेली. पोटासाठी नाही, फोटोसाठी. पिल्लांजवळ काहीही पडलं की मरळ त्याच्यावर धावून जाते, भूक असो नसो. गळ डागाच्या मधोमध टाकायचा, दोन मिनिटांत मरळ वर. राखणारं कुणी उरलं नाही की पिल्लं दिवसभरात इतर मासे खाऊन टाकतात. हे सगळं मला तुम्हीच सांगितलंत, तुम्ही घरी आलात त्या दुपारी.

तुम्ही बसला नाहीत. पाणी तेवढं घेतलंत. पिशवीतून पुस्तिका काढून टेबलावर ठेवलीत, त्या पानात चिकटपट्टीचा तुकडा घातला होता. म्हणालात, बाभळीपाशी या सालात एकबी डाग टिकला नाय. मी समजावत राहिले. लोकांना माहिती द्यायलाच हवी, माहिती असली की लोक जपतात, चूक लोकांची आहे, मी लिहिलं त्यात एक अक्षर खोटं नाही. तुम्ही ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "बाई, ते नाव वळखायला नव्हतं. सोडायला होतं."

यावर मी काय बोलले ते तुम्ही विसरला असाल अशी मी दोन वर्षं आशा केली. मी म्हटलं, तुम्ही तरी काय मामा, जन्मभर मासे मारूनच जगलात ना.

तुम्ही पेला उचलून आत मोरीत नेऊन ठेवलात. माझ्या घरातला पेला तुम्ही कधी बाहेर ठेवून गेला नाहीत, आणि त्या दिवशीही नाही. दारातून फक्त येतो म्हणालात.

त्यानंतर आपण बोललोच नाही असं नाही. दिवाळीला फोन झाला, नातीच्या बारशाचं आमंत्रण आलं, मी पाचशे रुपये आणि बाळलेणं पाठवलं. तब्येत, पाऊस, पेन्शन. सगळं बोललो, तेवढं एक सोडून. तुमचा आवाज बारीक होत गेला तो मला फोनवर कळत होता. धाप लागते म्हणून मुलानं बजाजनगरला आणलं, तिथं खिडकीतून कंपनीची भिंत दिसते, असं तुम्ही म्हणालात. पाणी दिसत नाही, असं म्हणाला नाहीत. ते मी आपलं समजून घेतलं आणि विषय बदलला.

आणि गेल्या महिन्यात त्या संस्थेचा फोन आला. पुस्तिकेची दुसरी आवृत्ती काढायचीय, काही दुरुस्त्या असतील तर कळवा. मी त्यांना म्हटलं, आठ दिवस द्या. मला तुम्हाला विचारायचं होतं. नुसती चौकट काढायची की नावच काढायचं? चौकट काढली तरी नाव आता सगळीकडं झालंय. नाव काढलं तर आणखी वीस वर्षांनी ते तुमच्या वस्तीतही कुणाला आठवणार नाही. तुमची नात बजाजनगरात इंग्रजी शाळेत जाणार, तिला कोण सांगणार? सोडायचं नाव कागदावर कसं लिहायचं असतं, हे मला खरंच कळत नव्हतं. एकतीस वर्षं शिकवूनही कळत नव्हतं. हे विचारायला आले असते तर माफीही तिथंच मागून झाली असती. आठ दिवसांचे पंधरा झाले. मग सुनीताचाच फोन आला.

आज सकाळी काठावर विधी झाले. तुमचा मुलगा डोकं भादरून उन्हात बसला होता, अगदी लहान दिसत होता. पिंड ठेवला आणि सगळे मागं सरले. मला खरं सांगू? मला आतून वाटत होतं की कावळा अडेल. माझ्यामुळं अडेल. मग मी पुढं होऊन हात जोडीन आणि मनातल्या मनात का होईना बोलून टाकीन. शब्दसुद्धा जुळवून ठेवले होते. कावळा लगेच आला. लोक म्हणाले, मामांचं काही राहिलं नव्हतं. मी मागंच उभी होते. तुमचं राहिलं नव्हतं, राहिलं होतं ते माझं.

जेवणाच्या पंगती बसायला वेळ होता. सुनीता मला म्हणाली, बाई, सावलीला बसा. मला बसवेना. मी काठाकाठानं चालत गेले, एक पाय नीट, एक ओढत. यंदा पाणी बरंच वर आहे, बाभळीची ती खोडं बुडालीत, दोन-तीन शेंडे तेवढे वर आहेत. तिथं घडीच्या खुर्चीवर एक माणूस बसला होता. पस्तिशीचा असेल. डोक्यावर टोपी, हातात तो नव्या पद्धतीचा गळ, दोरी गुंडाळायची चकती असलेला. मला बघून उठला, म्हणाला, मावशी, सांभाळून, घसरडं आहे. चांगल्या घरातला होता. वाळूजला कंपनीत आहे म्हणाला, आज सुट्टी. मला रागवायला सुद्धा काही मिळालं नाही.

आणि मग मला ते दिसलं. शेंड्यांच्या पलीकडं, हातभर अंतरावर. तांबडं, परातभर, हलणारं.

त्यालाही दिसलं. गळ त्याचा पाण्यातच होता, थोडा अलीकडं. तो चकती फिरवता फिरवता थांबला आणि मला विचारलं, मावशी, ते लाल काय दिसतंय?

मामा, मी खोटं बोलले. मी म्हटलं, शेवाळ आहे. आयुष्यभर एका पानाचं, एका किड्याचं नाव चुकीचं सांगितलं नाही, विद्यार्थ्यानं चुकीचं लिहिलं तर अर्धा गुण कापला, आणि तिथं उभी राहून मी शेवाळ म्हटलं. तो खूश झाला. म्हणाला, मग तिथं नक्की मासा असणार. आणि गळ ओढून घेऊन पुन्हा फेकायला हात मागं नेला.

माझ्या तोंडून ते कसं निघालं मला माहीत नाही. लिहिलं पुष्कळदा होतं, छापलंही होतं. मोठ्यानं म्हटलं नव्हतं कधी.

"लेकुरवाळी आहे ती."

त्याचा हात तसाच राहिला. पंगतीची तयारी करणाऱ्या दोन बायकांनी, होडीपाशी बसलेल्या तुमच्या चुलतभावानं, सगळ्यांनी वळून बघितलं. इतका मोठा आवाज झाला असावा माझा.

"म्हणजे काय, मावशी?" त्यानं विचारलं. खरंच ठाऊक नव्हतं त्याला.

या प्रश्नाचं उत्तर मी एकदा छापून चुकवलं होतं.

"म्हणजे गळ काढा," मी म्हटलं.

त्यानं काढला, मामा.